बार, लिटर आणि चौरस फूट : प्रेशर वॉशरचं गणित

पाऊस उघडला की सोसायटीच्या आवारातले पेव्हर ब्लॉक हिरवे-काळे झालेले दिसतात. जिन्याच्या बाहेरच्या पायऱ्यांवर, गच्चीच्या कठड्यावर, पार्किंगच्या उतारावर शेवाळाचा पातळ थर बसलेला असतो आणि एखादे आजोबा घसरले की मगच सगळ्यांचं तिकडे लक्ष जातं. मग माळी बागेचा पाइप आणतो, तोंडाशी अंगठा दाबून धार मारतो. तासभर पाणी वाहून जातं, शेवाळ मात्र जागचं हलत नाही. पुढच्या रविवारी कोणीतरी प्रेशर वॉशर घेऊन येतं. पाणी त्याच नळाचं, उलट मिनिटाला खर्च निम्म्याहून कमी. तरी धार फिरेल तिथे ब्लॉकचा मूळ लाल रंग पट्ट्यापट्ट्याने उघडा पडत जातो.

हे पाहून अनेकांच्या मनात येतं की असं एक यंत्र घ्यावं. काहींना वाटतं की याचा जोडधंदाही होईल. दोघांनीही दुकानात जाण्याआधी हे यंत्र काय करतं ते नीट समजून घ्यावं, कारण खोक्यावरचे आकडे फार सहज फसवतात. आणि ज्या गणिताने ही फसगत टळते, त्याच गणिताने पुढे कामाचा दरही काढता येतो.

अंगठ्याची मर्यादा

पाण्याचा दाब मोजायला ‘बार’ हे एकक वापरतात. दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तळाशी जेवढा दाब देतो, तो साधारण एक बार. म्हणजे तीन मजली इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीतून तळमजल्याच्या नळाला जेमतेम एक बार दाब मिळतो. पाइपाच्या तोंडाशी अंगठा धरला की धार लांब जाते, पण अंगठ्यामागचा दाब टाकीच्या उंचीपेक्षा जास्त कधीच होऊ शकत नाही. एक बार दाबाने पाणी बाहेर पडतं ते सेकंदाला सुमारे १४ मीटर, म्हणजे ताशी ५० किलोमीटर वेगाने, आणि तेही पाइपातलं घर्षण धरलं नाही तर.

प्रेशर वॉशरमधला पंप हाच दाब १०० बारवर नेतो. दाब शंभरपट झाला की वेग दहापट होतो. नोझलमधून पाणी सेकंदाला १४० मीटर, म्हणजे ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटतं. नोझलचं छिद्र फक्त एक मिलिमीटर व्यासाचं असतं.

या धारेचा एकूण जोर फारसा नसतो. मिनिटाला सात लिटर पाणी सोडणाऱ्या यंत्राची गन हातात धरली तर मागे बसणारा रेटा दीड-पावणेदोन किलोचा असतो, शाळकरी मुलालाही पेलेल एवढा. पण हा सगळा जोर अगदी चिंचोळ्या रेषेवर पडतो. जाड पुठ्ठ्यावर अंगठा दाबला तर काही होत नाही आणि त्याच जोराने टाचणी टोचली तर ती आरपार जाते, तसंच हे आहे. शेवाळाचे धागे ब्लॉकच्या खडबडीत पृष्ठभागाला धरून बसलेले असतात. ही पकड सोडवायची तर जोर एका जागी एकवटावा लागतो.

आतला पंप

यंत्र उघडून पाहिलं तर आत मोटर, पंप आणि एक-दोन झडपा असतात. पंपात बहुधा तीन दट्टे आळीपाळीने पुढे-मागे होतात. मागे सरकताना दट्टा पाणी आत ओढतो, पुढे येताना ढकलतो. तिघांचे ठेके पुढे-मागे ठेवलेले असल्यामुळे धार तुटक न येता सलग येते. घरगुती यंत्रांत हे दट्टे तिरकी बसवलेली फिरती तबकडी हलवते. अशा पंपाची रचना आटोपशीर आणि स्वस्त असते. रोजच्या धंद्यासाठी बनवलेल्या यंत्रांत गाडीच्या इंजिनासारखा क्रँक असतो आणि दट्ट्यांना सिरॅमिकचं आवरण असतं. हा पंप सावकाश फिरतो, कमी तापतो आणि त्याचं सील बदलून वर्षानुवर्षं वापरता येतो.

मोटरही दोन प्रकारची असते. कार्बन ब्रशवाली मोटर मिक्सरमध्ये असते त्या जातीची. ती हलकी आणि स्वस्त असते, आवाज मोठा करते, आणि सलग चालवली की तापते. इंडक्शन मोटर जड आणि महाग असते, पण तिच्यात घासून झिजणारे ब्रशच नसतात. महिन्यातून एकदा स्कूटर आणि गॅलरी धुणाऱ्याला पहिली पुरते. धंदा करायचा असेल तर दुसरी सोडून काही घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दिवसाला पाच तास चालवायला पहिली बनवलेलीच नसते.

झडपांपैकी एकीला अनलोडर म्हणतात. गनचा खटका सोडला की पाण्याला बाहेर जायला वाट उरत नाही, तेव्हा ही झडप पाणी पुन्हा पंपाकडे वळवते. तेच पाणी फिरत राहिलं की काही मिनिटांत गरम होतं आणि रबरी सील खराब करतं. म्हणून खटका सोडून गप्पा मारत उभं राहू नये, यंत्र बंद करावं. बऱ्याच यंत्रांत खटका सोडताच मोटर आपोआप थांबण्याची सोय असते. घेताना ती आहे का, हे जरूर विचारावं.

जर्मनीच्या आल्फ्रेड कार्चर यांनी १९५० मध्ये गरम पाण्याचं उच्च दाबाचं धुलाई यंत्र बाजारात आणलं. त्यांच्या कंपनीचं घरगुती वापराचं, हलवता येणारं यंत्र यायला १९८४ उजाडलं. मधली तीस-पस्तीस वर्षं हे तंत्र कारखाने आणि गॅरेज यांच्यापुरतंच होतं.

खोक्यावरचा आकडा आणि ६००

आता मुद्द्याची गोष्ट. खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला असतो तो दाब, कधी बारमध्ये तर कधी पीएसआयमध्ये. एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय, त्यामुळे १७४० पीएसआय हा भारदस्त आकडा म्हणजे १२० बारच. पण घाण उखडायला दाब लागतो आणि उखडलेली घाण वाहून न्यायला पाणी लागतं. मिनिटाला किती लिटर पाणी येतं, हा आकडा दाबाइतकाच महत्त्वाचा असून तो बहुधा बारीक अक्षरांत असतो.

दोन्ही आकडे जोडणारं सूत्र पाचवीतल्या मुलालाही जमेल. दाब बारमध्ये घ्या, पाणी लिटर प्रति मिनिटात घ्या, दोहोंचा गुणाकार करा आणि ६०० ने भागा. येईल ती धारेतली शक्ती, किलोवॅटमध्ये. ११० बार आणि ६ लिटर म्हणजे ६६०, भागिले ६००, म्हणजे १.१ किलोवॅट. मोटर आणि पंपात बरीच वीज वाया जाते, तेव्हा एवढ्या धारेसाठी १७००-१८०० वॉटची मोटर हवी. चांगल्या घरगुती यंत्राचे आकडे साधारण असेच जुळतात.

समजा, खोक्यावर लिहिलंय १८०० वॉट, २०० बार, १० लिटर. गुणाकार २०००, भागिले ६००, म्हणजे ३.३ किलोवॅट. भिंतीतून १.८ किलोवॅट घेऊन कोणतंही यंत्र ३.३ किलोवॅटची धार देऊ शकत नाही. इथे बहुधा दोन वेगवेगळ्या प्रसंगांचे आकडे शेजारी छापलेले असतात: दाब गन बंद असतानाच्या क्षणाचा कमाल, आणि पाणी नोझल काढल्यावरचं कमाल. काम करताना या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. म्हणून ‘मॅक्सिमम’ सोडून ‘रेटेड’ किंवा ‘वर्किंग’ या शब्दापुढचे आकडे शोधावेत आणि त्यांचाच गुणाकार करावा.

तेवढीच शक्ती वेगळ्या रीतीनेही वाटून घेता येते. नाशिकच्या द्राक्षबागेत किंवा सोलापूरच्या डाळिंबात फवारणीला वापरतात तो एचटीपी पंप अनेक गावांत वॉशिंग सेंटरवरही पट्ट्याने मोटरला जोडलेला दिसतो. तो ३० बारने २० लिटर पाणी फेकतो असं धरलं तर गुणाकार ६००, म्हणजे एक किलोवॅट. घरगुती यंत्राच्या जवळपास तेवढीच शक्ती! पण ट्रॅक्टरच्या मडगार्डखालचा चिखल हा पंप झरझर काढतो, आणि पेव्हरवरच्या शेवाळापुढे थकतो. चिखल मऊ असतो, त्याला वाहून न्यायला भरपूर पाणी हवं. शेवाळ चिवट असतं, त्याला दाब हवा. कोणतं यंत्र चांगलं, हे आधी काय धुवायचंय ते ठरवल्याशिवाय सांगता येत नाही.

चौकट : दुकानात विचारायचं ते

रेटेड दाब किती आणि त्याच वेळी पाणी किती? (गुणाकार, भागिले ६००.)
मोटर ब्रशवाली की इंडक्शन?
खटका सोडल्यावर मोटर थांबते का?
बादलीतून किंवा पिंपातून पाणी ओढता येतं का?
सील, गन, होस पाइप सुटे मिळतात का, आणि दुरुस्ती गावात होते का?
किमतीचा अंदाज: घरगुती यंत्रं साधारण ६ ते १५ हजार रुपये, सिंगल फेजवर चालणारी व्यावसायिक यंत्रं ३० हजारांच्या आसपास सुरू होतात, गरम पाण्याची यंत्रं लाखाच्या पुढे.

आधी नळ आणि प्लग पाहा

यंत्र कितीही चांगलं असलं तरी त्याला मिळेल त्यापेक्षा जास्त पाणी ते देऊ शकत नाही. मिनिटाला आठ लिटर मागणाऱ्या पंपाला नळाने पाचच दिले, तर पंप उरलेली जागा पोकळीने भरतो. पाण्यात बारीक बुडबुडे तयार होतात आणि दाबाखाली येताच फुटतात. प्रत्येक बुडबुडा फुटताना पंपाच्या धातूवर सूक्ष्म घाव घालतो. याला कॅव्हिटेशन म्हणतात. गन थरथरते, धार कमी-जास्त होते, आतून खडखड ऐकू येते. या अवस्थेत चालवलेला पंप लवकर जातो. कामावर पोहोचताच पहिल्यांदा दहा लिटरची बादली नळाखाली धरावी. ती एका मिनिटाच्या आत भरली तर आठ लिटरच्या यंत्राला पुरेसं आहे. नाही भरली, तर दोनशे लिटरचं पिंप भरून त्यातून पाणी घ्यावं. टँकरच्या आणि बोअरच्या पाण्यात गाळ असतो, त्यामुळे आत जाणाऱ्या पाइपावरची जाळी रोज धुवायला हवी.

विजेचा हिशोब आणखी सोपा आहे. घरातल्या साध्या सहा अँपिअरच्या प्लगला १३८० वॉटपर्यंतच झेपतं. प्रेशर वॉशरला गीझरचा असतो तसा सोळा अँपिअरचा पॉइंट लागतो. एक्स्टेन्शन घ्यायचंच असेल तर अडीच स्क्वेअर मिलिमीटरच्या वायरचं घ्यावं आणि रीळ पूर्ण उलगडून वापरावं, कारण गुंडाळलेली वायर तापते. अर्थिंग तपासून घ्यावं, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) असल्याशिवाय ओल्या फरशीवर उभं राहून हे यंत्र चालवू नये. यात तडजोड नको.

नोझल आणि वीतभर अंतर

नोझलचे रंग जगभर जवळपास सारखे असतात. लाल म्हणजे शून्य अंश, एकच सरळ सुई. पिवळं १५ अंशांचा पंखा, हिरवं २५, पांढरं ४०, आणि काळं साबणासाठी, कमी दाबाचं. लाल नोझल नवशिक्याने बाजूलाच ठेवावं. त्याने पेव्हरवर रेघोट्या उमटतात आणि त्या जन्मभर राहतात.

हिरवं नोझल जमिनीपासून तीस सेंटिमीटरवर धरलं तर पाण्याचा पट्टा तेरा सेंटिमीटर रुंद होतो. साठवर धरलं तर सव्वीस. पाणी तेवढंच, जागा दुप्पट, शिवाय हवेत थेंब फुटून मंदावतात, त्यामुळे मार निम्म्याहून खाली येतो. सगळं कसब या अंतरात आहे. गाडीच्या रंगावर लांबून सुरुवात करून हळूहळू जवळ यायचं, टायरच्या बाजूला तीस सेंटिमीटरपेक्षा जवळ जायचंच नाही. पेव्हरवर जवळ जावं लागतं, पण दोन ब्लॉकमधल्या सांध्यावर धार उभी धरली की तिथली वाळू उडते आणि वर्षभरात ब्लॉक डुगडुगायला लागतात. धार सांध्याला तिरकी धरावी, आणि काम झाल्यावर कोरडी वाळू झाडूने सांध्यांत भरून द्यावी. पुष्कळ जण हे शेवटचं काम करत नाहीत, आणि ग्राहकाला नुकसान दिसतं तेव्हा खूप उशीर झालेला असतो.

मोठ्या सपाट जागेसाठी सरफेस क्लीनर नावाचं जोडसाधन येतं. घुमटाखाली दोन नोझल लावलेला दांडा पाण्याच्याच रेट्याने गरगर फिरतो. अंतर कायम एकच राहतं, म्हणून पट्टे उमटत नाहीत, अंगावर पाणी उडत नाही आणि काम जवळपास दुप्पट वेगाने होतं. धंदा करणाऱ्याने दुसरी खरेदी हीच करावी.

जोर, रसायन, उष्णता, वेळ

हर्बर्ट झिनर या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९५९ मध्ये स्वच्छतेचं एक सूत्र मांडलं. कोणतीही घाण निघते ती यांत्रिक जोर, रसायन, उष्णता आणि वेळ या चौघांच्या मिळून कामाने. एक कमी केला तर दुसरा वाढवावा लागतो. प्रेशर वॉशर हाती आला की माणूस सगळं जोरावरच काढू पाहतो आणि भिंतीचा रंग, लाकडाचे धागे, फरशीची चकाकी घालवून बसतो.

शेवाळावर ब्लीचिंग पावडरचं पातळ पाणी मारून दहा-पंधरा मिनिटं थांबलं, तर ते मरतं आणि निम्म्या जोराने सुटतं. पुन्हा यायलाही वेळ घेतं, कारण फक्त वरचा भाग न खरवडता तळही मेलेला असतो. शेजारची झाडं आधी साध्या पाण्याने भिजवून घ्यावीत. गॅरेजमधलं तेल-ग्रीस थंड पाण्याला दाद देत नाही, तिथे डिटर्जंट किंवा गरम पाण्याचं यंत्र लागतं. आणि ॲसिडचा मोह टाळावा. शहाबादी आणि कोटा हे दोन्ही चुनखडीचेच दगड आहेत, ॲसिड त्यांना खातं. सिमेंटलाही खातं. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आलं तर क्लोरिन वायू सुटतो, जो बंद जिन्यात जीवघेणा ठरू शकतो.

जिथे हे यंत्र नेऊ नये

कोकणातला जांभा दगड सच्छिद्र आणि मऊ असतो. जुन्या चिरेबंदी गडग्यावर १२० बारची धार मारली तर शेवाळाबरोबर दगडाचाही थर निघून येतो, आणि तांबडं पाणी वाहायला लागलं की समजावं, आपण भिंतच धुऊन काढतोय. अशा ठिकाणी ब्रश, ब्लीचचं पाणी आणि साधा पाइप पुरेसा आहे. चुन्यात बांधलेल्या वाड्याच्या भिंती, देवळाचं कोरीव काम, सोलर पॅनेल, एसीच्या बाहेरच्या युनिटच्या पातळ पत्र्या, मोटारसायकलची चेन आणि चाकाच्या बेअरिंगजवळची जागा, इथेही नको.

आणि माणसाच्या अंगावर तर कधीच नको, गमतीतही. ही धार कातडी भेदून आत शिरू शकते. बाहेरून फक्त बारीक टोचल्याची खूण दिसते, दुखतही फारसं नाही, पण आत पाण्याबरोबर घाण आणि जंतू खोलवर गेलेले असतात. मलम लावून घरी बसू नये, त्याच तासाला हॉस्पिटल गाठावं आणि ‘उच्च दाबाची धार लागली’ असं डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. काम करताना गमबूट आणि चष्मा हवाच. काम संपल्यावर यंत्र बंद करून खटका एकदा दाबावा, म्हणजे पाइपात अडकलेला दाब निघून जातो.

दर कसा काढायचा

नवीन माणूस शेजारच्या गावात काय भाव चाललाय ते विचारतो आणि त्याहून एक रुपया कमी सांगतो. महिनाभर काम खूप मिळतं, आणि वर्षअखेर पंपाचं सील बदलायला पैसे नसतात. दर आतून बाहेर काढावा. खालचे आकडे उदाहरणादाखल आहेत, प्रत्येकाने आपले घालून पाहावेत.

यंत्र ४० हजारांचं आणि ते ८०० तास काम देईल असं धरलं, तर तासाला ५० रुपये यंत्राचे. सील, तेल, नोझल, पाइप यांचे ३०. मिळून ८०. आता एक माणूस किती धुतो? तेरा सेंटिमीटरचा पट्टा सेकंदाला दहा सेंटिमीटर सरकवला तर तासाला कागदावर ५०० चौरस फूट होतात. प्रत्यक्षात पट्टे एकमेकांवर चढवावे लागतात, पाइप ओढावा लागतो, डागांवर पुन्हा फिरावं लागतं, गाड्या हलवायला वॉचमनला शोधावं लागतं. हाती २०० पडतात. दिवसात गन खरोखर चालते ती पाच तास. म्हणजे १००० चौरस फूट.

त्या दिवसाचा खर्च मांडू. यंत्राचे ४००. मदतनीसाचे ८००. टेम्पोचे ६००. ब्लीच, साबण, वाळू ३००. आणि मालकाची स्वतःची मजुरी, जी बहुतेक जण धरतच नाहीत. त्याला महिन्याला २४ हजार हवेत आणि कामाचे दिवस पंधराच मिळतात, कारण उरलेले पाऊस, जागा पाहणं आणि पैशांसाठी फेऱ्या यांत जातात. म्हणजे दिवसाला १६००. बेरीज ३७००. अडीअडचणीसाठी आणि पुढच्या यंत्रासाठी वीस टक्के धरले की ४४४०. भागिले १०००, म्हणजे चौरस फुटाला साधारण साडेचार रुपये. सरफेस क्लीनर घेतला आणि दिवसाला २००० फूट होऊ लागले, तर हाच दर सव्वादोनवर येतो आणि मालकाची मिळकत कमी होत नाही. स्वस्त दर द्यायचा प्रामाणिक मार्ग हा आहे.

छोट्या कामाला चौरस फुटाचा दर लावू नये. दोनशे फुटांच्या गच्चीलाही टेम्पो तेवढाच लागतो, म्हणून एक किमान रक्कम ठरवून ठेवावी. पाणी आणि वीज कोणाची, गाड्या कोण हलवणार, सांध्यात वाळू कोण भरणार, आधीपासून सुटलेले ब्लॉक किती, हे सगळं कोटेशनवर लिहून फोटोसह द्यावं. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेतो साधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नसते, पण सोसायटीला पावती लागतेच, तेव्हा छापील बिलबुक पहिल्या दिवसापासून हवं.

आणि फोनवर दर सांगू नये. जागेवर जाऊन कोपऱ्यातला एक चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ अकरा चौरस फूट, धुऊन दाखवावा. चिटणीसांना निकाल दिसतो, रंग उडतो का, सांधे हलतात का ते आधीच कळतं. तेवढ्या चौकोनाला, तासाला २०० फुटांच्या हिशोबाने येणाऱ्या तीनऐवजी सहा मिनिटं लागली, तर त्या आवाराचा दरही दुप्पटच सांगावा.